टेकायची जागा

“…पण कुंपण आहे कुठं?” बुवांनी विचारलं.

शाल्मली हसली. हाच प्रश्न तिला हवा होता.

“तुमच्या नाकासमोर, बुवा.”

बुवांनी हात पुढे केला. बोटं काचेला लागली. पलीकडे तलावाचं पाणी, निळं, स्थिर.

डोंगराच्या पायथ्याचा हा बंगला एका भक्तानं आश्रमाला दिला, तेव्हा पोहण्याचा तलावही सोबत आला. मागच्या उन्हाळ्यात स्वयंपाकघरातल्या पारूबाईंची नात, चिमी, त्यात पडली. माळ्यानं केस धरून वर ओढली म्हणून वाचली. तेव्हापासून पारूबाई भाजी निवडायलासुद्धा तलावाच्या काठावर बसत.

शाल्मली बुवांची शिष्या, शिवाय इंजिनिअर. ती सगळ्यांसमोर म्हणाली होती, काचेचं कुंपण मी उभारते. आहे त्याच काँक्रीटवर. एक कपची उडू देणार नाही.

“भोकं पाडली, बोल्ट बसवले, त्यावर हे स्टीलचे पाय, पायांत काच. झालं! आता पारूबाईंना सांगा, दुपारच्या खुशाल झोपा.”

“छान,” बुवा म्हणाले. “मग जरा टेकतो. पाठ धरलीय सकाळपासून.”

ते काठाकाठानं चालत गेले आणि कोपऱ्यातल्या काचेपाशी बसायला वाकले.

“तिथं नको!”

शाल्मली स्वतःच्याच आवाजानं दचकली.

“का गं?”

“ऊन आहे तिथं.”

बुवांनी वर पाहिलं. आभाळ ढगाळ होतं. ऊन कुठंच नव्हतं.

…

“मग कुठं बसू?”

“इकडे या ना. या काचेला टेका. नाहीतर त्या.”

“बरं.” बुवा जागचे हलले नाहीत. “आणि चिमीला सांगितलंस का, कुठं टेकायचं ते?”

शाल्मली मग कोपऱ्यात येऊन खाली बसली. स्टीलच्या पायावरचं चकचकीत झाकण तिनं उचललं.

“इथं ड्रिल एकदम आत गेलं. खाली पोकळ आहे. माती खचली असणार. मी बोल्ट चिकटवायचं केमिकल भरलं, बोल्ट घट्ट केला… हलत नाही, बुवा. हात लावून बघितलंय मी.”

“पाठ लावून?”

…

“फोडावं लागेल,” ती शेवटी म्हणाली. “काच काढायची, काँक्रीट फोडायचं, खालून भरून घ्यायचं. आणि मी सगळ्यांना काय सांगितलं होतं? कपची उडणार नाही!”

“उडू दे की. झाडू आहे आपल्याकडे.”

दुपारी कोपऱ्यातली काच भिंतीला टेकवून ठेवलेली होती. तिच्या जागी खड्डा, खड्ड्यात ओलं काँक्रीट, आणि कुंपणात मूल सहज आत शिरेल एवढी मोकळी जागा. कपच्या पार पायरीपर्यंत उडाल्या होत्या. माळी झाडत होता आणि मधूनच शाल्मलीकडे बघून हसत होता.

“हे पक्कं होईपर्यंत काच लावता येणार नाही,” ती म्हणाली. “आणि मुलं तर आत्ता शाळेतून येतील. पारूबाईंना बोलावू का?”

“त्यांना झोपा म्हणालीस ना तू?”

बुवांनी खड्ड्यावर आडवी फळी टाकली. फळीवर घोंगडी अंथरली. मग पाण्याकडे पाठ करून त्या मोकळ्या जागेत मांडी घालून बसले. टेकायला मागे काहीच नव्हतं.

“बुवा, अहो, हे काय! मागं पाणी आहे. तुम्हाला पोहता येत नाही!”

बुवांनी घोंगडीची घडी सारखी केली.

“म्हणून तर,” ते म्हणाले, “डोळा लागायचा नाही.”