सातपट

एका राज्यात, जिथल्या नदीला सावली पडत नसे, सिंहकेत नावाचा राजा होता. तिथे धान्य मोजताना पहिल्या मापाला कोणी ‘एक’ म्हणत नसे, ‘लाभ’ म्हणत. राजा आपले पुत्रही तसेच मोजी : लाभ, दोन, तीन, चार, पाच, सहा. सगळ्यांत थोरली कनकवेणी शेजारीच उभी असे. ती मोजण्यात नसे, आणि याचे कोणाला काही वाटतही नसे. काय म्हणावे या राजाला!

एके दिवशी धूम्रजट जादूगार दरबारात आला.

“राजा, तुझ्या बापाने मला हद्दपार केले होते. तुला लेकरे किती?”

“सहा.”

जादूगाराने फुंकर घातली. सहाही राजपुत्रांचे पोपट झाले आणि दरबारापुढच्या विहिरीच्या गोल काठावर जाऊन बसले. प्रत्येकाच्या छातीवर एकेक अंक. दाराकडून वाचले तर एक, चार, दोन, आठ, पाच, सात.

“एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न,” जादूगार म्हणाला. “या संख्येला गुणा. सहा अंकांचे सात होऊ नयेत, आणि सहाही छात्यांवर एकच अंक उमटावा. संधी तीन. चुकलात तर सहा दगड विहिरीत पडतील.”

प्रधान म्हणाला, “दुप्पट!” पोपट उडाले, पुन्हा बसले. दोन, आठ, पाच, सात, एक, चार. प्रधानाने डोळे चोळले. तेच अंक, तोच क्रम, नुसता गोल फिरलेला!

राजा ओरडला, “माझे पुत्र सहा, तर सहापट!” आठ, पाच, सात, एक, चार, दोन.

“बाबा,” एक पोपट म्हणाला, “आम्ही तेच आहोत. फक्त जागा बदलल्या.” त्याचे पाय दगडाचे होऊ लागले होते.

कनकवेणीने वाळूत बोटाने तिप्पट केली, चौपट केली, पाचपट केली. तेच सहा अंक फिरून फिरून समोर! तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. असली संख्या असते तरी कशी? आठपटीला एक अंक वाढत होता; आता उरले होते फक्त सात. सात म्हणताच तिचे बोट थांबले, आणि तिला रडू फुटले.

“सातपट,” ती म्हणाली.

धूम्रजट दचकला. “सात कुठून आणलेस? या घरात सातवे कोणी नाही, म्हणून तर कुलूप सातावर घातले!”

“मी आहे. बाबा मला मोजत नाहीत, एवढेच.”

पोपट उडाले. नऊ, नऊ, नऊ, नऊ, नऊ, नऊ! लोक किंचाळलेच. जादूगाराचा धूर झाला, आणि काठावर सहा भाऊ उभे राहिले. “अक्का!” म्हणत ते तिच्याकडे धावले.

लेकरे सुखरूप आहेत ना, हे पाहायला राजाने मोजण्यासाठी हात उचलला. सवयीने तो थोरल्या पुत्राकडे गेला आणि मध्येच थबकला. मग कनकवेणीच्या डोक्यावर आला.

“लाभ,” राजा म्हणाला, आणि सातापर्यंत मोजत गेला.