दगडावरचा एकच काटा

ओढ्याच्या उंच दरडीत उंदरांची एक जुनी वसाहत नांदत होती, आणि त्या वसाहतीत एक उंदरीण राहत असे. मुलांनो, तुम्ही हल्ली कॉम्प्युटरवर क्लास लिहायला शिकता आणि एका क्लासमधून हवे तितके ऑब्जेक्ट तयार करता, तसंच इथं होतं बघा. बीळ कसं असावं याची रीत साऱ्या वसाहतीची एक. पुढे दार, मागे पळवाट, मध्ये दाण्यांची कोठी आणि आत पिलांसाठी गवताची गादी. त्या रीतीने ज्याने त्याने आपापलं बीळ पोखरायचं. वसाहत म्हणजे क्लास, आणि एकेक बीळ म्हणजे एकेक ऑब्जेक्ट. रीत सगळ्यांची सारखी, पण दाणे ज्याचे त्याचे आणि पिलंही ज्याची त्याची. या बिळात बाजरी, तर शेजारच्या बिळात भुईमुगाच्या शेंगा. एकाचं दुसऱ्यात मिसळत नसे.

एक वस्तू मात्र कोणाच्याच बिळात नव्हती. दरडीच्या मधोमध एक सपाट दगड होता आणि त्यावर साळिंदराचा एक काटा, खड्याखाली दाबून ठेवलेला. बाहेर पडायच्या वाटा दोन, एक ज्वारीच्या शेताकडे जाणारी आणि दुसरी ओढ्याकाठच्या बोरीकडे. त्या भागात एक धामण फिरायची, कधी इकडे तर कधी तिकडे. ज्याला ती दिसेल त्याने धावत येऊन काटा फिरवायचा. काट्याचं पांढरं टोक जिकडे, ती वाट आज निर्धोक. काटा एकच, त्यामुळे कोणीही फिरवला तरी तो सगळ्यांसाठी फिरलेला असे. तुम्ही क्लासचं व्हेरिएबल म्हणता ना, ते हेच.

दगडापाशी एक म्हातारा उंदीर बसलेला असे. सगळे त्याला आबा म्हणत. लांबच्या दरडीवरून आलेला, अजून बीळही न पोखरलेला एखादा पाहुणा जरी म्हणाला, "आबा, आज वाट कुठली?" तरी आबा त्याला लगेच सांगत. आधी तुझं बीळ दाखव, मग बोलू, असं काही नव्हतं. हातात एकही ऑब्जेक्ट नसताना थेट क्लासला विचारता येतं, ती क्लास मेथड. आबांचं काम तेच होतं.

एकदा एका आळशी उंदराने मात्र विचारलं, "आबा, माझ्या कोठीत दाणे किती उरले असतील हो?"

आबांनी मिशा फेंदारल्या. "लेका, मी इथं दगडापाशी बसतो. इथून मला सगळ्यांची वाट दिसते, तुझी कोठी कशी दिसणार? ते तुझ्या बिळाला विचार. नाहीतर बायकोला विचार, ती जास्त खरं सांगेल."

सगळे पोट धरून हसले, आणि तो उंदीरही हसला.

उंदरिणीला ते दिवस फार आठवत. ती लहान असताना आईची शेपटी तोंडात धरून दगडापाशी यायची. दिवसभर तापलेला दगड संध्याकाळी पोटाला ऊब देई. काटा पाहायला कितीसा वेळ लागणार? पण पाहून झाल्यावर कोणी उठत नसे. नव्या पिलांना तिथंच सगळ्यांसमोर आणायचे. कोणाची सोयरीक तिथं जुळे, कोणाचं भांडण तिथंच मिटे. "अगं, हिचे कान बघ, अगदी आजीवर गेलेत," असं तिच्याबद्दलही कोणीतरी त्या दगडावर म्हटलं होतं.

पुढे आबा गेले. वसाहत वाढत वाढत दरडीच्या पार टोकाला पोचली. उंदरिणीचं बीळ त्या टोकालाच होतं. एका वर्षी तिला सात पिलं झाली आणि तिचे पाय सुजले. दगडापर्यंत जाणं जिवावर येऊ लागलं. मग तिने एक सोपी युक्ती केली. बाभळीचा एक पांढरा काटा आणला, आपल्या दारात ठेवला आणि दगडावरच्या काट्याकडे पाहून त्याचं टोक तसंच वळवलं.

शेजारीण पाहायला आली. "अगं बाई, हे तर छानच झालं! दारातच कळतं."

"हो ना. उगाच पायपीट कशाला?"

"मग मी पण आणते एक."

शेजारणीचं पाहून तिच्या शेजारणीने काटा आणला. होता होता दारोदार काटे झाले. पहिल्या दिवशी सगळे एकाच दिशेला वळलेले होते, त्यामुळे ते किती नीटस दिसत होते म्हणून सांगू! कोणी आपला काटा घासून चकचकीत केला, कोणी त्याच्याभोवती खडे मांडले. मग दगडाकडे जायचं कोणाला कारणच उरलं नाही. दगडावर गवत चढलं. उंदरीण कधीमधी तिकडे पाही, तेव्हा तिला आत कुठेतरी चुकल्यासारखं वाटे. पण पिलं ओरडत, आणि ती कामाला लागे.

वर्षं गेली. धामण फारशी फिरकली नाही, म्हणून दारोदारचे काटे होते तसेच राहिले. तिची थोरली लेक मोठी झाली आणि तिने वसाहतीच्या दुसऱ्या टोकाला आपलं बीळ पोखरलं. तिची पहिली पिलं अजून डोळे मिटूनच पडलेली होती.

एका संध्याकाळी उंदरीण ज्वारीकडे निघाली होती. शेताच्या कडेला पोचते तोच तिला सरीत काहीतरी लांबलचक, पिवळट हललेलं दिसलं. धामण! उंदरीण उलट्या पावली पळत सुटली. घरी येताच तिने दारातला काटा बोरीकडे फिरवला आणि मटकन खाली बसली. "आता भीती नाही," ती स्वतःशीच म्हणाली. "काटा फिरवला."

इतक्यात शेजारीण दारातून डोकावली. "अहो, तुमची लेक आत्ताच वरच्या अंगाने गेली. पोटात भूक मावत नव्हती बिचारीच्या, पिलांना दूध पाजायचं ना! ज्वारीकडेच चालली होती."

"ज्वारीकडे? अगं, मी काटा फिरवला की!"

"तुमचा फिरवलात," शेजारीण म्हणाली. "माझा बघा, अजून ज्वारीकडेच आहे. तिच्या दारातलाही तसाच असणार."

जुन्या सवयीने तिने एक काटा फिरवला होता आणि सारी वसाहत फिरली असं धरून ती बसली होती. पण फिरला होता तो फक्त तिच्या दारातला! ती दारोदार धावू लागली. या दारातला फिरवला, त्या दारातला फिरवला. पण दारं संपेनात, आणि प्रत्येक फिरवलेल्या काट्यागणिक लेक आणखी लांब जात होती. शेवटी तिने काटे सोडले आणि शेताची वाट धरली.

लेक सरीच्या तोंडाशी कणसाचे सांडलेले दाणे वेचत होती. तिच्या मागे धामण गवतातून हळूहळू पुढे सरकत होती. आता ओरडलं तर धामण आपल्याकडे वळणार, हे उंदरिणीला कळत होतं. तरीही ती ओरडली.

"पोरी, पळ! मागे बघू नकोस, पळ!"

लेक वाऱ्यासारखी निसटली. धामण गर्रकन वळली ती उंदरिणीकडे. काळ्या रानाला उन्हाने पडलेल्या एका भेगेत उंदरिणीने अंग झोकून दिलं. अंग आत गेलं, शेपटीचं टोक तेवढं बाहेर राहिलं. ते टोक धामणीच्या तोंडात गेलं, आणि पुन्हा आलं नाही.

धामण निघून गेल्यावर ती कण्हत घरी आली. लेक दारात उभी होती. आईची शेपटी पाहून तिला रडू फुटलं.

"आई, मी बघूनच निघाले होते गं," ती हुंदके देत म्हणाली. "माझ्या दारातला काटा ज्वारीकडेच होता. त्यात माझं काय चुकलं?"

"तुझं काहीच चुकलं नाही, बाळ," उंदरीण म्हणाली. "आपल्या दारात खूण असली की डोळा तिथंच थांबतो. दारात नसती, तर तुझे पाय आपसूक दगडाकडे गेले असते."

दुसऱ्या दिवशी सकाळी उंदरिणीने आपल्या दारातला काटा उचलून ओढ्यात टाकला आणि एकटीच दगडावरचं गवत कुरतडायला बसली. थोड्या वेळाने लेक आली. मग शेजारीण आली. गवताखाली साळिंदराचा काटा अजून होता, थोडा पिवळा पडलेला. एकेक करत साऱ्यांनी आपापले काटे आणून ओढ्यात टाकले. एका तरण्या उंदराचा जीव मात्र आपल्या चकचकीत काट्यावरून निघेना.

"शोभेला राहू दे ना, मावशी!"

"ठेव की," उंदरीण म्हणाली. "कोठीत ठेव, पिलांना खेळायला. दारात नको."

आदल्या संध्याकाळच्या प्रकाराने घाबरलेला एक उंदीर म्हणाला, "आता काहीच घरी नको. दाणेसुद्धा सगळ्यांचे दगडावरच ठेवू."

"आणि पिलं?" शेजारणीने विचारलं. "तीही इथंच ओतायची का? मग संध्याकाळी कोण कोणाचं ते हुंगत बसा!"

कितीतरी दिवसांनी त्या दगडापाशी असं हसू उमटलं. उंदरीणही हसली, आणि तिच्या डोळ्यांना पाणी आलं. आबा नव्हते, तिची आई नव्हती, तेव्हाच्या उंदरांतलं जवळजवळ कोणीच नव्हतं. पण चढत्या उन्हाने दगड तसाच ऊबदार झाला होता, आणि लेकीने आपली न उघडल्या डोळ्यांची पिलं त्यावर आणून ठेवली होती. "कान बघा, थेट आजीचे," कोणीतरी म्हणालं.

धामण अजून ज्वारीतच होती. उंदरीण दगडावर चढली आणि तिने काट्याचं टोक बोरीकडे वळवलं. तिने कोणाला हाक मारली नाही, कोणाच्या दारी गेली नाही. फक्त तो एक काटा फिरला, आणि सारी वसाहत बोरीच्या वाटेला लागली.

तात्पर्य : जे ज्याचं त्याचं वेगळं असतं, ते ज्याच्या त्याच्या ऑब्जेक्टपाशी असावं, पण जे सगळ्यांचं एकच असतं, ते क्लासपाशी एकाच जागी ठेवावं आणि तिथंच बदलावं. त्याची नक्कल घरोघरी ठेवली, तर आपण आपलीच नक्कल बदलतो आणि सगळ्यांचं बदललं असं समजून बसतो.