धनेशाने आणलेले गुलगुले

घाटाखालच्या एका जंगलात, जुन्या बेहड्याच्या झाडावर, एक धनेश पक्षी राहत असे. मुलांनो, या पक्ष्यांची रीत वेगळी असते. अंडी घालायची वेळ आली की मादी ढोलीत शिरते आणि दार चिखलाने लिंपून घेते. चोच बाहेर येईल एवढीच फट उरते. आत तिची जुनी पिसे गळतात, नवी येतात. पिल्लाला पंख फुटेपर्यंत दोघांचे पोट नराच्या येरझाऱ्यांवर. आपला धनेश मोठा प्रेमळ होता. उंबरे, जांभळे, जे मिळेल ते तो दुरून आणी.

एके दिवशी जंगलाच्या कडेला, देवीच्या देवळापाशी, त्याला पानावर पिकल्या उंबरासारखे गोल, तांबूस काही दिसले. ते टपरीवरचे गुलगुले होते, कणकेत गूळ कालवून तळलेले. त्याने एक उचलून फटीशी नेला.

"अहो, हे कुठलं फळ?" आतून आवाज आला. "ना बी, ना चीक! वरून कुरकुरीत, आत मऊ. अजून आहेत?"

"हवे तेवढे!"

"मग ती आंबट जांभळं राहू द्या. पिल्लू तर तुकडा दिसायच्या आधीच चोच उघडतंय."

गुलगुल्याने भूक भागत नव्हती आणि खाणे थांबतही नव्हते. असे का होते, हे पुष्कळ वाचूनही मला नीट सांगता येत नाही.

शेजारच्या फांदीवरची खार एकदा म्हणाली, "भावोजी, तुमच्या ढोलीखाली हल्ली एकही बी पडत नाही. घरात जेवतात ना?"

"वहिनी, चोची बघा कशा आ वासून येतात!"

"भरल्या पोटाची चोच इतकी उघडते होय?"

धनेश हसला आणि देवळाकडे उडाला.

अखेर बाहेर यायचा दिवस उजाडला. मादीने चोचीने लिंपण फोडले. उजेड आत शिरला आणि धनेश दचकून मागे सरला. इतके दिवस त्याला दोन चोचीच दिसल्या होत्या. आता समोर घड्यासारखे पोट होते, शेपटीच्या जागी नुसते खुंट होते. पिल्लू गुबगुबीत, चोच तेलाने चकचकीत. पण पंखांवर उघडी गुलाबी कातडी.

"असं काय बघताय?" मादीने विचारले. मग तिने स्वतःकडे पाहिले. "अगं बाई! माझी पिसं?" अंधारात तिलाही कळले नव्हते.

तेवढ्यात समोरच्या वाळक्या फांदीवर ससाणा येऊन बसला. पिल्लाने त्याच्याकडे पाहिले आणि आनंदाने चोच उघडली.

"भावोजी, चिखल आणा!" खार किंचाळली.

आईने पिल्लाला आत लोटले आणि भोकात स्वतःची चोच रोवली. ससाण्याची झेप त्या चोचीवर आदळून वाया गेली. धनेश चिखल आणत राहिला. दार पुन्हा लिंपले गेले.

मग धनेश जांभळीकडे निघाला. वाटेत तळणीचा वास आला आणि त्याचे पंख जरा रेंगाळले. खोटे कशाला सांगू? पण तो थांबला नाही. पिल्लाने पहिले जांभूळ थुंकले. दुसरेही थुंकले. तो पुन्हा उडाला.

संध्याकाळी खारीने खाली वाकून पाहिले. बेहड्याखाली एक चोखलेली बी पडली होती.

तात्पर्य : उघडलेली चोच चव मागते, पंख मागत नाही, माया करणाऱ्याने चोचीपलीकडे पाहावे.