शिंकाळ्यातलं तूप

एक होता राजा. पण त्याच्या गोष्टी सांगायला त्यानं भाट ठेवलेत, त्यांच्या पोटावर आपण कशाला पाय द्यायचा? त्याला राजवाड्यात घोरू दे. आपण त्याच्या राज्याच्या पार कडेला जाऊ. रेवा, पाय आत घे, वाट डोंगरातली आहे.

तर तिथं एक डोंगर होता. डोंगरात लेणं होतं. लेण्यात एक भंते राहायचे. भंते म्हणजे बुद्धाच्या वाटेनं चालणारे भिक्खू, बरं का. अंगावर चीवर, हातात भिक्षापात्र, आणि सूर्य माथ्यावरून कलला की काही खायचं नाही, असा नेम. हा नेम लक्षात ठेवा. पुढं त्याची मोठी अडचण होणार आहे.

डोंगराखाली कातळवाडी नावाचं गाव. तिथं खेमा नावाची बाई राहायची. नवरा बैलांचा तांडा घेऊन घाटाखाली मीठ आणायला गेलेला, त्यामुळे घरात ती एकटीच. तशी अगदी एकटी नव्हती. आढ्याला एक शिंकाळं होतं, त्यात तुपाचं मडकं होतं. ते शिंकाळं टांगलं होतं तिच्या सासूनं, कोंडाबाईनं. कोंडाबाई उंच, आणि शिंकाळं टांगलेलं तिच्याही हाताच्या टोकाशी. मांजराला पोचू नये म्हणून, असं ती म्हणायची. मांजर त्या घरात कधीच नव्हतं. होती ती सून.

मग कोंडाबाई वारली. शिंकाळं तिथंच राहिलं. खेमाला पाटावर चढून काढता आलं असतं, पण ती म्हणायची, असलं तूप माझ्या घशाखाली उतरायचं नाही. रोज कोरडी भाकरी खायची आणि वर बघायची. अभिमानाला तोंडी लावणं लागत नाही.

आता ही खेमा वाईट होती का? मुळीच नाही. भंत्यांनी तिला एक पाठ दिला होता. रोज दिवेलागणीला ती उंबऱ्याशी दिवा लावायची आणि शांत बसून म्हणायची, "खालचे सुखी होवोत. वरचे सुखी होवोत. दिसतात ते सुखी होवोत, दिसत नाहीत तेही सुखी होवोत." खालचे म्हणजे नरकातले. वरचे म्हणजे स्वर्गातले देव. आणि दिसत नाहीत ते म्हणजे भुकेल्या लोकातले जीव. त्यांचं पोट रांजणाएवढं आणि गळा सुईच्या नेढ्याएवढा. खेमा या सगळ्यांचं अगदी मनापासून भलं चिंतायची. न पाहिलेल्या माणसावर माया करणं सोपं असतं. तो आपलं तूप वर टांगत नाही.

मग एकदा काय झालं, तिच्या तोंडून एक चूक झाली. कातळवाडीच्या लोकांना एक खोड होती. कुणाचाही निरोप घेताना म्हणायचं, "या एकदा घरी." यायचं कुणी नाही, हे म्हणणाऱ्यालाही ठाऊक आणि ऐकणाऱ्यालाही. अशी माणसं आजही आहेत. नावं घेत नाही, तुमचे बाबा पलीकडेच बसलेत. तर खेमानं पाठ संपवला, हात जोडले, आणि सवयीनं म्हणाली, "या एकदा घरी."

आता खालच्यांना नि वरच्यांना कातळवाडीची रीत कुठली ठाऊक?

दुसऱ्या दिवशी दिवा लागला आणि दारात एकजण उभा. अंगावर बर्फाचे थर, भुवयांना बर्फ, दात कडकड वाजताहेत. म्हणाला, मी गारठ्याच्या नरकातून आलो, आपण बोलावलं होतंत, दिव्यात तेल आहे तोवर बसता येईल. खेमाची बोबडी वळली. पण पाहुणा तो पाहुणा. तिनं त्याला गोधडी दिली. ती त्याच्या अंगावर पापडासारखी कडक झाली आणि मोडली. तिनं त्याला चुलीशी बसवलं. चूलच विझू लागली. मग तिनं काय केलं? तुम्हाला भाजलं की आई फुंकर घालते ना, तशी तिनं त्याच्या बोटांवर फुंकर घातली. तोंडाची ऊब, दुसरं काय असणार. पण एका बोटावरचा बर्फ वितळला.

पाहुणा त्या बोटाकडे बघतच राहिला. जिवंत असताना त्यानं कुणाला आपल्या शेकोटीशी बसू दिलं नव्हतं. त्याला वाटलं असेल, आता हे बोट जपून ठेवावं. पण तो म्हणाला, खाली माझ्या शेजारी एक म्हातारा कुडकुडत असतो, त्याच्यासाठी एक निखारा नेऊ का? एवढं म्हणाला आणि अंगावरचा सगळा बर्फ घळाघळा खाली आला. दिवा विझला तेव्हा पाहुणा नव्हता आणि चुलीत एक निखारा कमी होता. घरभर पाणी मात्र झालं होतं. ते पुसायला कुणी थांबलं नाही. पाहुणे कुठलेही असोत.

सकाळी खेमा धावत लेण्यात गेली आणि भंत्यांना सगळं सांगितलं. भंते खूप हसले. म्हणाले, बाई, मी 'सुखी होवोत' एवढंच म्हणायला शिकवलं होतं, आमंत्रण तुझं तू दिलंस, आता पाहुणचार कर.

मग त्या संध्याकाळी वरचे आले. म्हणजे एक देव आला. अंगाला सुगंध, पाय जमिनीला टेकत नाहीत. खेमाला वाटलं, याला काय कमी असणार? पण त्याच्या गळ्यातल्या माळेची फुलं सुकली होती. देवाची माळ सुकली की त्याचं स्वर्गातलं पुण्य संपत आलं असं समजायचं. मग खाली जन्म घ्यावा लागतो. तो बिचारा थरथरत होता. त्यानं हळूच विचारलं, खाली फार वाईट असतं का?

खेमाला खोटं बोलता येईना. ती म्हणाली, डास असतात, दात येताना दुखतं, जाताना दुखतं, आणि नातेवाईक असतात. देव रडायलाच लागला. मग तिनं त्याला विचारलं, तुम्हाला कधी भूक लागली आहे का? तो म्हणाला, नाही, अमृत समोरच असतं. मग तिनं त्याला सांगितलं, दिवसभर राबून आल्यावर भूक कशी लागते आणि तव्यावरून उतरलेल्या भाकरीचा पदर सुटताना कसा वास येतो. देव रडायचा थांबला. त्यानं पुन्हा सांगायला लावलं. मग जाताना लाजत म्हणाला, जन्मायचंच तर असल्या एखाद्या चुलीजवळ जन्मेन म्हणतो. खेमानं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. देवाच्या पाठीवरून हात फिरवणारी पहिली बाई तीच असेल. देवांकडे सगळे मागायलाच जातात.

तिसऱ्या दिवशी मात्र खेमा घाबरली. आता न दिसणारे येणार. तिनं भंत्यांना बोलावून ओट्यावर बसवलं. पाहुण्यासाठी मुगाचं कढण केलं, भाकरी केली. दिवा लावला आणि वाट बघत राहिली. पाहुणा जेवल्याशिवाय घरच्या बाईनं जेवायचं नाही, ही तिथली रीत. त्यामुळे सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं.

मग दारात सावली पडली. पोट रांजणाएवढं, हातपाय काटक्या, मान लांबच लांब आणि दोऱ्यासारखी बारीक. त्या मानेवरचा चेहरा खेमानं पाहिला.

ती कोंडाबाई होती.

सासूला तिथं आत्याबाई म्हणत. खेमाच्या तोंडून तेवढंही निघेना. कोंडाबाईनं घरभर नजर फिरवली आणि म्हणाली, "कोपऱ्यात ओल आलीय."

म्हणजे तीच होती, शंका नको.

खेमानं कढणाची वाटी पुढं केली. रीत म्हणून केली, हात लांब ठेवून. कोंडाबाईनं तोंडाला लावली, तर कढणाची राख झाली. पाणी दिलं, त्याची वाफ झाली.  तिनं घसा आवळून एक आवंढा गिळला, आणि तोही उतरला नाही. ती तहान बघून खेमाचा लांब ठेवलेला हात आपोआप जवळ आला. तिला वाटलं, नरकातल्याला फुंकर घातली, देवाची पाठ थोपटली, आणि हिचं एक नाव मी रोज पाठात गिळलं. सगळे सुखी होवोत, ही सोडून.

तिनं पदरानं सासूचं तोंड पुसलं आणि भंत्यांना विचारलं, काय करू? दिव्यातलं तेल तळाला गेलं होतं. दिवा विझला की कोंडाबाई परत तिथंच, तहानेत, किती काळ कोण जाणे.

भंते म्हणाले, "भुकेल्या लोकातल्यांच्या हातात दिलेलं त्यांना लागत नाही. त्यांनी आपल्या हातानं भुकेल्याला घालावं, आणि तो खाताना बघून मनातून बरं वाटावं. तेवढंच त्यांच्या घशाखाली उतरतं."

खेमा म्हणाली, "मग आत्याबाई, तुम्ही भंत्यांना वाढा."

भंते म्हणाले, "बाई, दुपार टळली."

ही ती अडचण, बरं का. आता भुकेलं माणूस आणायचं कुठून? भंत्यांनी खेमाकडे पाहिलं. कोंडाबाईनंही पाहिलं. खेमाचं पोट तेवढ्यात जोरात गुरगुरलं. लपवण्यासारखं काही उरलं नाही.

"हिला?" कोंडाबाई म्हणाली.

"हिला," भंते म्हणाले. "आणि घालायचं ते जे तुम्हाला सुटत नाही तेच."

कोंडाबाईनं वर पाहिलं. मान लांब करायची गरजच नव्हती, शिंकाळं आता तिच्या नाकासमोर होतं.  दिवा फडफडायला लागला. मग तिनं मडकं उतरवलं, खेमाच्या भाकरीवर तुपाचा एक थेंब टाकला आणि थांबली.  खेमानं नुसता घास हातात घेतला. मग कोंडाबाईनं मडकं कलतं केलं, आणि तूप भाकरीवरून ताटात उतरलं, ताटात पसरलं, तरी हात मागे घेतला नाही.

खेमानं घास खाल्ला. दुसरा खाल्ला. जुनं तूप, सकाळपासूनची भूक. तिचे डोळे मिटले.

कोंडाबाई एकटक बघत होती. मग अगदी हळू म्हणाली, "किती वाळलीस गं खेमे. खा. बरं झालं खाल्लंस."

आणि तिच्या घशात गटकन काहीतरी खाली उतरलं. तिनं गळ्याला हात लावला. गळा माणसाच्या गळ्याएवढा झाला होता. खेमानं धावत तांब्या आणला. कोंडाबाई पाणी प्यायली, घटाघटा प्यायली, हनुवटीवरून ओघळलं तरी प्यायली. मग तांब्या खाली ठेवून म्हणाली, "पाणी कोमट आहे. पण गोड आहे." तिच्या तोंडून 'गोड' हा शब्द त्या घरानं पहिल्यांदाच ऐकला.

दिवा विझला. कोंडाबाई कुठं गेली, कुणाला ठाऊक नाही. जिथं गेली तिथं जेवणात मीठ कमी आहे, असं म्हणत असणार एवढं नक्की. आणि शिंकाळं? ते आता खेमाच्या हाताला लागेल इतकं खाली टांगलेलं होतं.

मग खेमाचा नवरा मीठ घेऊन परत आला. पुढच्या पावसाळ्यात शेजारच्या घरी एक मुलगा झाला. फार देखणा, पण भाकरीचा वास आला की दूध सोडून चुलीकडे रांगायचा. डासांवर मात्र त्याचा फार राग. खेमा त्याला तूप लावून भाकरी भरवायची आणि काही बोलायची नाही. रोज दिवेलागणीला पाठ म्हणायची, त्यात आता आत्याबाईंचं नाव पहिलं असायचं. आणि 'या एकदा घरी' असं ती पुढं ज्याला त्याला म्हणेनाशी झाली. म्हटलं, तर चुलीवर भाताचं आधण ठेवूनच म्हणायची.

खालचे उबेत, वरचे निर्धास्त, न दिसणाऱ्यांची तहान भागलेली. आता दिसणाऱ्यांपैकी दोघंच जागी आहेत. तर म्हणा, सगळे सुखी होवोत. ज्याच्याशी आज भांडलात त्याचं नाव आधी घ्या. हं, दादाचंच. घेतलंस? मग मिटा डोळे.