सखामामानं पोचवलेली शाळेची खबर

शलाका नवलेला वाटलं होतं, गाव शाळेच्या बातमीची वाट बघत बसलं असेल. दर शनिवारी आपण 'शाळेची खबर' नावाचा एक देखणा कागद काढू. सहावी ते आठवीत त्या आठवड्यात काय शिकवलं, ते सोप्या भाषेत लिहू. मुलं तो घरी नेतील आणि संध्याकाळी आईबाप तो वाचतील. वडील फौजेत, म्हणून तिची शाळा झाली डेहराडूनला आणि पुढचं शिक्षण थेट स्कॉटलंडात. तिकडे असंच करतात. तिथून पदवी, उत्साह आणि रंगीत खडूंचा डबा घेऊन ती आपल्या मूळ गावी, पिंपळदऱ्याला, शिकवायला आली.

प्रत्यक्षात पहिली खबर तिला आठवडी बाजारात भेटली. भज्यांखाली. तिनं स्वतःच लिहिलेल्या अपूर्णांकांवर तेल पसरलं होतं. तिनं भजी खाल्ली. भजी चांगली होती. मोबाईलवर पाठवावं, तर रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर चढल्यावर मिळायची, आणि टाकीवर चढून अपूर्णांक वाचेल असा पालक गावात नव्हता.

"इथं कागद चालत नाही, बाई," मुख्याध्यापक वाकचौरे सर म्हणाले. "लग्न असो की मयत, माणूस जाऊन सांगतो तेव्हा ती बातमी होते. सखाहरीला पाठवा. पण एक सांगतो. दिवाळीआधी पालकसभा आहे. सभेला माणसं आली तर तुमची खबर चालू. नाही आली तर बंद. मग गपचूप पुस्तक शिकवायचं."

शलाकानं ते कबूल केलं. मनातून मात्र तिला धडकी भरली. मागच्या सभेला दोनच माणसं आली होती आणि त्यातलं एक हरवलेली शेळी शोधत आलं होतं.

तर त्या पिंपळदऱ्यात, त्या शाळेत, सखाहरी नावाचा एक भोळा शिपाई होता. इतका भोळा, की 'जरा दुधाकडे बघा' म्हटलं तर दूध उतू जाऊन चूल विझेपर्यंत बघत बसायचा. आणि बघितलं का विचारलं, तर 'सगळं बघितलं' म्हणायचा. मुलं त्याला सखामामा म्हणत, म्हणून शलाकाही म्हणू लागली.

"सखामामा," ती म्हणाली, "सहावीनं बी कसं रुजतं ते शिकलंय. मुलांना घरी मटकी भिजवायचीय, त्यांना एक वाटी द्या, एवढं दारोदार सांगून यायचं."

सखामामा गेला आणि तासाभरात परत आला.

"सांगितलं?"

"सगळ्या दारांना सांगितलं."

"लोक काय म्हणाले?"

"लोक कुठं होते? समदी खुरपायला गेलीत. दारांना कुलपं."

"मग सांगितलं कुणाला?"

"दारांना. तुम्हीच म्हणला दारोदार. कुणी मधी बोललं नाही बाई, निवांत ऐकून घेतलं."

शलाकानं खोल श्वास घेतला. माणूस चुकांतून शिकतो, असं ती स्कॉटलंडात शिकली होती आणि त्यावर तिची अढळ श्रद्धा होती. ती समजावून म्हणाली, "मामा, दाराला सांगून काय उपयोग? माणसं जिथं असतील तिथं गाठायचं. चार माणसं एकत्र दिसली की तिथंच उभं राहायचं आणि खणखणीत आवाजात सांगायचं."

"आता चुकायचा नाही," सखामामा म्हणाला.

आणि खरंच, सखामामानं तीच चूक पुन्हा कधीच केली नाही. तो दर वेळी नवी करायचा.

पुढच्या आठवड्यात सातवीनं वर्तुळाचा परीघ शिकला. मुलं घरी ताटं, बांगड्या, चाकं मोजणार होती. पालकांनी रागवू नये, एवढीच बातमी. सखामामा चार माणसं शोधत निघाला आणि त्याला ती मिळाली. बरोब्बर चार. खांद्याला खांदा लावून सावकाश चालली होती. रामभाऊ वाकळेंच्या म्हाताऱ्या वडलांना घेऊन.

सखामामा तिरडीपुढं आडवा उभा राहिला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "मंडळी, आनंदाची बातमी. सातवीला परीघ आला."

"सखा, बाजूला हो," रामभाऊ दातांवर दात ठेवून म्हणाले.

"होतो. आधी ऐकून घ्या. घरात जे जे गोल आहे ते पोरांना मोजू द्या."

संध्याकाळी वाकळ्यांची सगळी भावकी शाळेच्या फाटकाशी येऊन सांगून गेली, की तुमच्या सभेला आमच्यातलं कुणी यायचं नाही.

"मामा, अहो मयत होतं ते," शलाका कळवळून म्हणाली. "अशा वेळी टोपी काढायची. मान खाली घालायची. हळू आवाजात म्हणायचं, 'झालं ते झालं, देवाच्या मनात होतं, धीर धरा.'"

सखामामानं ते तीनदा घोकलं. तिसऱ्यांदा त्याच्याच डोळ्यांत पाणी आलं.

मग आठवीतली प्रमिला तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाला गेली. तिनं सायकलच्या चाकावर चालणारी शेंगा फोडायची चक्की केली होती. दुपारी बसच्या कंडक्टरकडून निरोप आला, की पोरगी पहिली आली. शलाकाला आभाळ ठेंगणं झालं. ही बातमी गावात गेली की अर्धी सभा इथंच भरली, असा तिनं हिशोब केला.

"मामा, पळा. प्रमिलाच्या आईला सांगा."

सखामामा पळाला. हौसाबाई अंगणात लसूण सोलत होती. सखामामानं टोपी काढली. मान खाली घातली.

"हौसाक्का," तो हळू आवाजात म्हणाला, "झालं ते झालं."

हौसाबाईच्या हातातला लसूण सांडला. "काय झालं?"

"देवाच्या मनात होतं. धीर धरा. तालुक्याहून निरोप आलाय. तुमची प्रमिला..."

पुढचं 'पहिली आली' त्यानं नेमकं सांगितलं. पण तोवर हौसाबाईनं जो हंबरडा फोडला होता त्यात ते कुणाला ऐकू आलं नाही. गल्ली गोळा झाली. कुणी शेगडीवर पाणी ठेवलं, कुणी प्रमिलाच्या मामाच्या गावाला माणूस धाडला. सखामामा कोपऱ्यात उभा राहून येणाऱ्या प्रत्येकाला धीर धरा म्हणत होता.

पाचच्या गाडीनं प्रमिला उतरली. हातात बक्षिसाची ढाल. घरापुढं ही गर्दी. तिनं शेजारच्या आजीला विचारलं, "कोण गेलं गं?"

"तू," आजी म्हणाली, आणि मग ओरडून मागं सरकली.

"सखामामा," त्या रात्री शलाका म्हणाली, "तालुक्याहून निरोप आला की हसत जायचं. पेढे न्यायचे. पाठीवर थाप मारून म्हणायचं, 'नशीबवान आहात.' आधी तोंड गोड, मग बातमी."

"असं आधी सांगायचं बाई," सखामामा जरा रागावूनच म्हणाला.

आठवड्यानं सहावीतला किसन खो-खो खेळताना खांबावर आपटला. सर त्याला मोटरसायकलवर घालून तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन गेले. तिथून निरोप आला, हात मोडलाय, प्लास्टर घालतोय, वडलांना पाठवा. शलाका वर्गात सगळ्यांना शांत करत होती. तिला एवढंच म्हणायला वेळ मिळाला, "मामा, तालुक्याहून निरोप आलाय, किसनच्या वडलांना सांगा."

किसनचे वडील ठकाजी पारावर बसले होते. सखामामा हसत आला. त्यानं पाठीवर अशी थाप मारली की ठकाजींची तंबाखू उडाली.

"नशीबवान आहात," सखामामा म्हणाला आणि त्यांच्या तोंडात पेढा कोंबला.

"कशाबद्दल?" ठकाजी चघळत म्हणाले.

"हात मोडला."

"कुणाचा?"

"तुमच्या किसनचा. अजून एक घ्या."

ठकाजी पेढा गिळावा की थुंकावा या विचारात तसेच पळत सुटले. दुसऱ्या दिवशी येऊन त्यांनी शलाकाला सांगितलं, "बाई, पोरगं बरंय. पण तुमच्या सभेचं नाव काढू नका. आमच्या घरी आता पेढा बघितला तरी बायको रडती."

सभेच्या यादीतून वाकळे गेले, हौसाबाई गेली, ठकाजी गेले. सभा आठवड्यावर आली. शलाकाच्या डोळ्यांपुढं रिकाम्या खुर्च्या दिसू लागल्या. तरी ती सखामामापुढं बसली, कारण अढळ श्रद्धा म्हणजे काय, ती अशा वेळीच कळते.

"वाईट बातमी अशी अंगावर टाकायची नाही, मामा. आधी शेजारी बसायचं. शेतीभातीचं विचारायचं. प्यायला पाणी द्यायचं. माणूस निवांत झाला की मग हळूच सांगायचं."

"हे सोपंय," सखामामा म्हणाला.

गुरुवारी खिचडी शिजत असताना शाळेच्या स्वयंपाकघराच्या उसाच्या पाचटाच्या छपरानं पेट घेतला. शलाका किंचाळली, "मामा, गावातून माणसं बोलवा." आणि ती मुलांसह हापशाकडे धावली.

सखामामा पारावर गेला. माणसांच्या शेजारी टेकला. "काय म्हणतोय कांदा?" त्यानं विचारलं.

"बरा म्हणायचा," ठकाजी सावधपणे म्हणाले. सखामामा जवळ बसला की ते आता आधी तोंड मिटून घ्यायचे.

"आणि ज्वारी?"

ज्वारीचं झालं. मग म्हशीचं झालं. सखामामानं सगळ्यांना तांब्यानं पाणी दिलं. सगळे निवांत झाल्याची खात्री करून घेतली आणि हळूच म्हणाला, "शाळेच्या स्वयंपाकघराला छप्पर होतं. चांगलं होतं बिचारं."

माणसं धावत पोचली तेव्हा मुलांनी आग विझवली होती. छप्पर गेलं होतं, खिचडी वाचली होती. शलाका काजळीनं काळी झाली होती. तिची श्रद्धा अजून उभी होती, पण तिचा आवाज चढला.

"मामा, शाळेसाठी माणसं बोलवायची म्हणजे बसायचं नाही. कांदा नाही, ज्वारी नाही, काही नाही. शाळेची घंटा काढून घ्यायची आणि बडवत गावभर पळायचं. एकच ओरडायचं, 'घागरी भरून घ्या, शाळेकडं चला.' शेतात असतील तर शेतात जाऊन ओरडायचं."

"शाळेसाठी माणसं बोलवायची तर असं," सखामामानं घोकलं.

शनिवारी सभा होती. मुलांनी भिंतींकडेनं आपली कामं मांडली होती. मोड आलेल्या मटकीच्या वाट्या, परीघ मोजलेली बैलगाडीची चाकं, प्रमिलाची चक्की. संस्थेचे अध्यक्ष अण्णासाहेब कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत आले होते. व्यासपीठावर सरस्वतीची तसबीर, समई, आणि वाकचौरे सरांनी स्वतः पेटवलेला धुपाचा भलामोठा निखारा.

शलाका भाषणाचा कागद हातात घेऊन येरझाऱ्या घालत होती. सखामामानं दारातून विचारलं, "बाई, माणसं बोलवू का?"

"बोलवा," शलाका म्हणाली, मान वर न करता.

बराच वेळ गेला. खुर्च्या रिकाम्याच होत्या. अण्णासाहेबांनी घड्याळ बघितलं. "बाई," वाकचौरे सर हलक्या आवाजात म्हणाले, आणि त्या आवाजात समाधान होतं, "कबूल केलंय तुम्ही. सोमवारपासून पुस्तक." ते समई लावायला वाकले. धुपाचा धूर खिडकीतून बाहेर निघाला होता.

तेवढ्यात घंटा ऐकू आली. मग धुरळा दिसला. मग गाव दिसलं.

सगळं गाव. घागरी, कळश्या, बादल्या, दुधाचे कॅन. वाकळ्यांची भावकी एका ओळीत. पुढं हौसाबाई, डोक्यावर हंडा आणि पदर खोचलेला. तिला खिडकीतून धूर दिसला.

"आत पोरं आहेत," ती ओरडली, आणि आत शिरून तिनं अख्खा हंडा धुरावर रिकामा केला. धुरावर म्हणजे वाकचौरे सरांवर. मागून आलेल्या ठकाजींना पांढरं काहीतरी हलताना दिसलं, तो त्यांना धूरच वाटला, आणि त्यांनी कळशी अण्णासाहेबांच्या डोक्यावर ओतली. त्यानंतर कोण कुणावर ओततंय ते बघायला कुणाला सवड नव्हती. सखामामा दारात उभा राहून घंटा बडवत होता आणि ज्यांच्या घागरी भरलेल्या होत्या त्यांना पुढं सोडत होता.

शेवटी पाणी संपलं.

"आग कुठंय?" रामभाऊ वाकळेंनी विचारलं.

"आग नाही," शलाका म्हणाली. तिच्या नाकावरून थेंब गळत होता. "पालकसभा आहे."

मग कुणीतरी फिस्सकन हसलं. धावून धावून सगळ्यांचे पाय भरून आले होते, आणि समोर खुर्च्या होत्या. माणसं बसली. बसली तशी भिंतीकडं बघू लागली. हौसाबाईनं चक्कीत चार शेंगा टाकून चाक फिरवलं. शेंगा फुटल्या. तिनं परत फिरवलं. किसन प्लास्टरचा हात वर करून आपल्या मटकीविषयी बोलला आणि ठकाजी तोंड उघडं टाकून ऐकत राहिले. शलाकाचं भाषण भिजून लगदा झालं होतं, त्यामुळे ती नुसतीच बोलली, आणि चांगलं बोलली. अंधार पडेपर्यंत कुणी उठलं नाही.

"ही सभा धरायची नाही," वाकचौरे सर सदरा पिळत म्हणाले.

"सर, माणसं आली तर खबर चालू, असं तुम्ही म्हणाला होतात. माणसं आली."

"बाई, अशी?"

"कशी ते तुम्ही सांगितलं नव्हतं."

अण्णासाहेबांना शिंक आली आणि मग हसू आलं. सरांनी सदऱ्याची दुसरी बाही पिळायला घेतली.

जाताना हौसाबाई शलाकापाशी थांबली. "एक सांगू का बाई? नुसती सभा म्हणला असता तर खुरपं टाकून मी आले नसते. घागर म्हणला म्हणून आले."

दुसऱ्या दिवशी सकाळी शलाका कुदळ घेऊन शाळेपुढच्या उघड्या माळावर उभी होती. पुढची सभा झाडं लावायची. प्रत्येक घरानं एक घागर पाणी आणायचं, आपल्या पोराच्या झाडाला घालायचं आणि तिथंच बसून शाळेची खबर ऐकायची. बोलावणं सखामामानंच करायचं. तिनं चुन्याच्या फक्कीनं गोल आखले आणि पहिला खड्डा खणायला घेतला.

सखामामा येऊन बराच वेळ बघत राहिला.

"बाई, हे खड्डे कशाला?"

"पुढच्या सभेसाठी, मामा."

सखामामानं खड्ड्यात डोकावलं. मग गावाकडं बघितलं. मग परत खड्ड्यात.

"ह्याच्यात एकच माणूस बसंल बाई, तेबी उभं. म्हाताऱ्यांचं काय करायचं? सांगू का लोकांना, की येताना आपापला खणून या?"

शलाकानं कुदळ खाली ठेवली. कपाळावरचा घाम पुसला. आणि तिनं ठरवलं, की पुढच्या वेळी बोलावणं करायला घंटा सखामामाच्या हातात द्यायची, पण त्याच्या शेजारून प्रत्येक दारापर्यंत आपण स्वतः चालत जायचं.