फिलूची नाचणी आणि राजाचं एक पाऊल

ए एल्विन, कोपर मारू नकोस तिला. रोवेना, तूही काही कमी नाहीस. पांघरुणाची ओढाओढी बंद करा, नाहीतर मी चालले. हं. आता ऐका.

तर एकदा काय झालं, एका राजाकडे ही एवढी मोठी काच होती. काचेत चित्रं हलायची, बोलायची, लढायची. राजाने तशा काचा चौकाचौकात लावल्या. मग काय! लोक जेवताना काच बघत, निजताना काच बघत. तुमच्यासारखेच, बरं का! डोळे मिटूनही काही बघता येतं, हे सगळे विसरूनच गेले.

राहिली एकटी फिलू. गावच्या चर्चमध्ये ती दर नाताळला गोठा मांडायची. मातीची मरिया, मातीचा योसेफ, मातीची गाय. करवंटीत नाचणी पेरायची, की झालं बेथलेहेमचं हिरवंगार शेत. मग पोरांना जमवून येशूबाळाच्या जन्माची गोष्ट सांगायची.

एक दिवस राजा आला आणि म्हणाला, "हा मातीचा खेळ कशाला? सगळं खोटं! इथे माझी काच लावा."

"महाराज, नाताळच्या आदल्या दिवशी या," फिलू म्हणाली. "गोष्ट ऐका, मग ठरवा."

"येतो. पण खरं काही दिसलं नाही, तर दिवेलागणीला गोठा मोडणार!"

आता फिलू पडली वेंधळी. गायीचे डोळे रंगवण्यात इतकी रमली, की नाचणी पेरायचीच राहिली. नाचणी वाढायला दहा-बारा दिवस तरी नकोत का? हिने पेरली कधी, तर आदल्या दिवशी सकाळी! कपाळ माझं!

राजा आला. बघतो तर करवंटीत नुसती ओली माती. "हेच का तुझं शेत?" म्हणून खो खो हसला आणि दार अडवून उभा राहिला. पोरं बाकावर दाटीवाटीने बसून एकमेकांना ढकलत होती. दिवेलागण जवळ आली होती.

फिलूने गोष्ट सुरू केली. राजाच्या काचेसारखीच सांगू म्हणाली. गडगडाट केला, तलवारी नाचवल्या, देवदूतांची फौज आणली. पोरं म्हणाली, "हे बघितलंय आम्ही."

मग तिने दुसऱ्यांदा सांगितली. असं वागा, तसं वागू नका, देवाला हे आवडत नाही. पोरं जांभया द्यायला लागली. राजाने तर मोठ्ठी दिली.

फिलूला रडूच आलं. मग तिसऱ्यांदा ती हळूच म्हणाली, "मरिया फार दमली होती रे. पाय सुजले होते तिचे. योसेफ दारोदार विचारत होता, जरा जागा आहे का हो? एका घरातून उत्तर आलं, भरलंय. दुसऱ्या घराने आतून कडी घातली. थंडी पडली होती. मग ते एका दारात आले आणि..."

आणि तिला पुढे बोलवेना.

तेवढ्यात बाकावरची झीटा, एवढीशी पोर, चटकन बाजूला सरकली. "इथे बसू दे तिला," म्हणाली. मग दुसरं पोर सरकलं, मग तिसरं. सगळा बाक सरकला! आणि दारातला तो राजा? तोही पाऊलभर मागे झाला आणि म्हणाला, "या बाई, आत या."

दारात तर कोणीच नव्हतं!

"महाराज, कोणाला बोलावलंत?" फिलूने विचारलं.

राजा ओशाळला. "तिलाच गं. दमली होती ना ती." आणि त्याचे डोळे भरून आले. "इतकी वर्षं काच बघतोय मी, पण कोणासाठी सरकावं असं कधी वाटलं नाही. खोटी म्हणू तरी कशी तुझी गोष्ट?"

तो असं म्हणाला मात्र, करवंटीत तडतड झालं. नाचणी फुटली! वीतभर वाढली, करवंटीतून सांडली, बाकांखालून पळाली, राजाच्या जोड्यांपर्यंत हिरवंगार झालं. घंटा आपोआप वाजायला लागल्या. पोरं नाचली, फिलू नाचली. मग सगळ्यांसमोर राजाने स्वतःच्या हाताने मातीच्या येशूबाळाला गोठ्यातल्या गव्हाणीत निजवलं.

काचा फोडल्या का? नाही रे बाबा. पण दिवेलागणीला त्यांच्यावर कापड पडायचं आणि घराघरात गोष्ट सुरू व्हायची. राजा सुखात राहिला, फिलू सुखात राहिली, नाचणीची तर भाकरी झाली.

चला, मिटा डोळे. अगं रोवेना, भिंतीला का चिकटलीस? मधे एवढी जागा कोणासाठी सोडलीस?

बरं बरं. असू दे. एल्विन, तूही सरक जरा.