माई दांड्यावर बसली

"भीती जाते कशी, तेवढंच सांगा. बाकी सगळं मला येतं."

रेवती सानप हे बोलली तेव्हा माई मठाच्या अंगणात तांदूळ निवडत बसली होती. बोलणारीच्या डोक्यावर हेल्मेट तसंच. हातात सायकलचं हँडल तसंच. नमस्कार केला तोही उभ्याउभ्या.

माईनं सुपातून मान वर काढली नाही.

"बाकी म्हणजे काय काय येतं?"

रेवतीनं सांगितलं. चांगलं लांबवून सांगितलं. डोंगरातल्या सायकलच्या स्पर्धा तिनं जिंकल्यात. चढाला भलेभले पुरुष तिच्या मागं धापा टाकत राहतात. गिअर, ब्रेक, टायरात हवा किती ठेवायची, सगळं पाठ.

मी चुलीपाशी बसून ऐकत होते. मठाची चूल माझ्याकडं असते. इथं येणारा प्रत्येक जण आधी आपलं मोठेपण सांगतो आणि मग दुखणं. भाकऱ्या थापता थापता मी दोन्ही ऐकते.

"मग नडतं कुठं?" माईनं विचारलं.

"उतारावर."

…

हळूहळू बाहेर आलं. मठाखालचा रस्ता सागाच्या जंगलातून वळणं घेत धरणाच्या पाटावर उतरतो. गेल्या वर्षी त्यातल्या एका वळणावर दगडाला चाक धडकलं आणि ही उडून पडली. गळ्याजवळचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण तेव्हापासून ते वळण आलं की पाय आपोआप खाली टेकतात. सायकल हातात धरून चालत उतरते. बरोबरच्यांना सांगते, गुडघा दुखतो. आणि रविवारची स्पर्धा नेमकी त्याच उतारावरून. तेव्हाही चालायची पाळी आली तर सायकल विकून टाकायची, परत डोंगराचं तोंड बघायचं नाही, असं तिनं ठरवून टाकलेलं.

हे सांगताना आवाज जरा खाली आला. तेवढाच.

"दगड आहे का अजून तिथं?"

"आहे. कातळच आहे, हलत नाही. मी त्याला पांढरा ऑइलपेंट दिलाय. लांबून दिसावा, चुकवता यावा म्हणून."

"चुकला?"

"…नाही. दोनदा जीव मुठीत धरून बसून उतरायला गेले. दोन्ही वेळा चाक सरळ त्याच्याकडंच. कसाबसा ब्रेक दाबला."

"शेंदूर द्यायचास," माई म्हणाली. "गावानं नारळ तरी फोडले असते."

मला हसू आवरलं नाही. रेवतीनं माझ्याकडं असं बघितलं की तव्यावरची भाकरी करपावी.

"थट्टा करून घ्यायला मी एवढा डोंगर चढले नाही, माई. लोक म्हणतात तुम्ही मनातलं भय काढता."

"लोक म्हणतात?"

"म्हणतात."

…

माईनं सूप बाजूला ठेवलं. उठली, अंगणाच्या कडेला गेली आणि खाली बघत राहिली. मीही गेले. खाली लांबवर कोरडा पाट पसरलेला. त्यात एक काळी रेघ पुढं सरकत होती.

धरणातून सकाळीच पाणी सोडलेलं. पाटाला पाणी सुटलं की त्याचं तोंड खालच्या पुलाशी पोचायच्या आत तिथं जाऊन उभं राहायचं आणि पाण्याची ओटी भरायची, ही माईची रीत. एवढ्या दिवसांनी लेक माहेरी आली आणि दारात कुणीच नाही, हे बरं दिसतं का, असं ती म्हणते. दरवेळी गावातल्या नामदेवची जीप तिला खाली नेते. आज जीप फाट्यावर बंद पडली होती, तसा निरोप मघाशीच आलेला.

"तू मला खाली सोड," माई रेवतीला म्हणाली.

"मी?"

"सायकल तुझीच ना?"

"हिला कॅरिअर नसतं, माई."

"दांडा असतो."

"तो उतरता आहे. घसराल."

"गोदे, घोंगडी आण."

गोदी म्हणजे मी. घोंगडीची घडी करून दांड्याला सुतळीनं आवळली. रेवती बघत राहिली. म्हणाली, माझ्याच्यानं व्हायचं नाही. म्हणाली, जीप दुरुस्त होईपर्यंत थांबू. म्हणाली, तुम्हाला काही झालं तर लोक मला जगू देणार नाहीत.

माई तोवर खणानारळाचं गाठोडं कमरेला बांधून दांड्याशी येऊन उभी राहिली. लाकडाच्या ढलपीएवढी बाई. वजन असं नाहीच.

"पाणी चालत येतंय," ती म्हणाली. "तू बोलत थांबलीयस."

रेवतीनं डोक्यावरचं हेल्मेट काढलं. मग माईच्या पदरावरून ते तिच्या डोक्यावर बसवलं आणि हनुवटीखालचा पट्टा ओढून नीट लावला. आल्यापासून पहिल्यांदाच ती कुणापुढं वाकली होती.

मी पायवाटेनं पळाले. पायवाट करवंदीच्या जाळ्यांतून थेट खाली जाते आणि रस्त्याला ठिकठिकाणी छेदते, म्हणून दोघी मला अधूनमधून दिसत होत्या. एवढी वर्षं चुलीपाशी बसलेल्या बाईनं किती जोरात पळावं, तेवढी पळाले. लुगड्याला काटे लागले, लागू दे म्हटलं.

पहिल्याच उताराला रेवतीचा आवाज ऐकू आला. सायकल थांबलेली, पाय टेकलेले.

"माई, मला पुढचं चाक दिसत नाही. तुमचं डोकं मधे येतंय."

"चाक कुठं जातंय तुला टाकून?"

"मग बघू कुठं?"

"मी पुलाकडं बघतेय. तुझं तू बघ."

…

झाडांमधून पूल दिसतो तिथून. खाली, पाटावर, बोटाएवढा. रेवतीनं माईच्या डोक्यावरून मान उंच केली, तिकडं बघितलं आणि पाय उचलला.

मग नुसता वाळक्या पानांचा चुरचुर आवाज. फाल्गुनात सागाची पानं ताटाएवढी पडलेली असतात आणि त्यांच्यावरून माणूससुद्धा घसरतो. सायकल हळू येत होती, पण येत होती. ब्रेक दाबायची, सोडायची. दाबायची, सोडायची. रेवतीचे कोपर माईच्या दोन्ही बाजूंना कुंपणासारखे.

मी वळणावर आधी पोचले. दगड तिथं होताच. पांढराफेक, खविसासारखा. मलाच त्याच्यावरून नजर काढता येईना. आणि या दोघी त्याच्याच अंगानं येताना दिसल्या.

मी डोळे मिटले. मिटले म्हणजे घट्ट मिटले. मी मठात राहते, पण चुलीपुरतीच.

आदळल्याचा आवाज आला नाही.

उघडून बघते तर पाचोळा उडालेला, आणि दोघी पुढच्या झाडांत गेलेल्या. दगड तसाच. त्याच्याकडं बघायला कुणी थांबलंच नव्हतं.

खाली पाटाच्या भरावावर रस्ता सपाट आहे. मी अजून वरच होते तेव्हा मला सगळं एकदम दिसलं. पाण्याचं तोंड त्यांच्याही पुढं गेलेलं. फेस, काटक्या, पळसाची फुलं, सैरावैरा पळणारे मुंगळे, सगळं पुढं ढकलत ते कोरड्या पाटातून चाललेलं, आणि त्याच्या मागून वर भरावावरून ही सायकल. रेवती पुढं झुकली आणि पाय मारायला लागली. माई तिच्या पोटाशी घट्ट. पाण्याच्या बरोबरीला आल्या. थोडा वेळ पाणी आणि त्या जोडीनं गेल्या. मग त्या पुढं.

रेवती हसत होती. तिला ते माहीत नसावं.

मी धापा टाकत पुलावर पोचले तेव्हा माई पाटाच्या कडेला बसून गाठोडं सोडत होती. पाणी आलं. आधी वास आला, ओल्या मातीचा, मग आवाज, मग ते. माईनं हळदकुंकू वाहिलं, खण, तांदूळ, नारळ वाहिला. म्हणाली, ये बाई, दमली असशील. नारळ डुचमळत पुलाखालून गेला.

रेवती सायकल धरून उभी. तिनं मागं वळून डोंगराकडं बघितलं.

"माई, दगड केव्हा गेला?"

"मला काय विचारतेस? वळणावर मी डोळे मिटून घेतले होते."

माझं काय झालं ते मी कशाला सांगू?

"तुम्ही तर म्हणालात, पुलाकडं बघतेय."

"वर होते तोवर बघत होते."

…

"म्हणजे तुम्हालाही भीती वाटली?"

माईनं तळवे उघडून दाखवले. रेवतीच्या मुठींना लागून हँडल आवळून आवळून दोन्ही लाल झालेले. हँडलच्या रबराची नक्षी त्यात जशीच्या तशी उमटलेली.

रेवती त्या हातांकडं बघत राहिली. तिचे स्वतःचे हात तिनं वळून बघितले. तीच नक्षी.

"मग बसलात कशा?"

"पाणी यायचं होतं."

…

पाट आता काठोकाठ भरत आला होता. पलीकडं कुणीतरी पाटाचं शेताकडचं दार उघडायला धावत होतं. रेवतीनं माईच्या हनुवटीखालचा पट्टा सोडला आणि हेल्मेट हातात घेऊन तशीच उभी राहिली. मग माईच्या शेजारी मातीत बसली. पहिल्यांदाच बसली.

आवाजही आता वेगळा होता. हळू.

"रविवारी तुम्ही नसाल दांड्यावर. आणि माझी भीती गेली नाही, माई. सगळ्या उतारावर होती."

माईनं पाण्यात हात बुडवले, तळवे गार होईपर्यंत तसेच धरले.

"मग तिला बसव की दांड्यावर. मी उतरलेय आता."